विहिणीचा सालमपंजा

शनिवार, १५ जुलै २००६. डिंक तळायचा होता.

डिंक तळताना दुसरं काही करू नये. तूप बेताचं तापलं की मूठभर खडे टाकायचे, लाहीसारखे फुलले की लगेच झाऱ्याने उपसायचे. जरा लक्ष हललं की खडा बाहेरून लाल आणि आतून कच्चा, आणि कच्चा डिंक दाताला असा चिकटतो की खाणाऱ्याचं बोलणंच बंद. खोबरं मी आदल्या दिवशी किसून भाजून ठेवलं होतं. खारकेची पूड तयार होती, गूळ चिरलेला होता. एकच जिन्नस राहिला होता आणि त्याच्याबद्दल घरात कोणी तोंड उघडत नव्हतं.

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माहेर म्हणजे सिंगापूरच्या पूर्व टोकाचा आमचा पासिर रिसचा फ्लॅट, आणि सासर म्हणजे बुओना व्हिस्टाचा त्यांचा कॉन्डो. बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ती टॅक्सीने आली आणि दारातच म्हणाली, "आई, सो फार, लाह." वाक्याला 'लाह'चं शेपूट लावायची इथली पद्धत, अर्थ काही नाही. जावई जहाजावर इंजिनिअर. त्याचं जहाज बाळ झाल्यानंतर महिनाभराने परतणार होतं. मी एका कंपनीत हिशेब बघते. मला रजा मिळाली ती दोन आठवड्यांची, तीही साहेबांनी कॅलेंडरकडे तीनदा बघून. म्हणून जावयाची आई, माझ्या विहीणबाई, नागपूरहून आल्या होत्या. माझी रजा संपली की दिवसभर मुलगी, बाळ आणि घर त्यांच्यावर सोडून मी ऑफिसला जाणार, असा बेत. त्या नसत्या तर माझ्याकडे दुसरा बेत नव्हता.

विहीणबाई कामाला वाघ. पण मानाच्या फार. मोठ्या सुनेच्या बाळंतपणाला त्या तिच्या माहेरी मदतीला गेल्या होत्या. तिथे कोणीतरी म्हणालं की अळिवाच्या लाडवात खडा लागला. दुसऱ्या दिवशी विहीणबाई बॅग घेऊन नागपूरला परत. खडा खरंच होता की नाही हे त्या दोन घरांत अजून ठरलेलं नाही.

तर तो राहिलेला जिन्नस. आल्या दिवशी विहीणबाईंनी लाल कापडाची एक पुरचुंडी माझ्या हातात ठेवली होती, आधी कुंकू लावून. म्हणाल्या, "सालमपंजा आहे. अस्सल, हिमालयातला. बाळंतिणीच्या अंगात ताकद यायला याच्यासारखं काही नाही." मी दोन्ही हातांनी घेतली, "अहो, कशाला एवढं," असं म्हणाले, आणि चहाच्या डब्यामागे ठेवून दिली. उघडलीसुद्धा नाही. कारण सालमपंजा म्हणजे काय हे मला नको तितकं माहीत होतं.

सिंगापुरात ऑर्किड म्हणजे आपल्याकडचा झेंडू. ऑफिसच्या लॉबीत ऑर्किड, विमानतळावर ऑर्किड, आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या कॉरिडॉरमध्ये कोळशावर लटकवलेली ऑर्किडं, आणि गणपतीला दूर्वांच्या जोडीलाही तीच. मला त्यांचं काही विशेष नव्हतं. पण डॉक्टर चालायला सांगत होते आणि बाहेर चाललं की घामाच्या धारा. तेव्हा शहरातल्या एका मोठ्या बागेत शनिवार-रविवारी फुकट गाईड म्हणून काम करायला माणसं हवी होती. तिथे एक थंड काचघर होतं, डोंगरावरच्या ऑर्किडांचं, मोठमोठ्या यंत्रांनी गार ठेवलेलं. गारव्यात चालायला मिळेल म्हणून मी नाव दिलं. व्यायाम होईल आणि टी-शर्ट फुकट. एवढाच विचार होता.

पण ट्रेनिंगमध्ये शिकले त्यातलं एक डोक्यात बसलं. थंड डोंगरांतल्या जंगलात जी ऑर्किडं वाढतात ती झाडावर चढत नाहीत. देवदाराखाली, ओल्या पाचोळ्यात, कुरणाच्या कडेला जमिनीतून उगवतात. हिवाळा बर्फाखाली झोपून काढतात. त्यासाठी जमिनीत कंद भरून ठेवतात: यंदाचा कंद खर्ची पडायच्या आत शेजारी पुढच्या सालचा तयार. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला असं झाड आवडणारच. आणि याच कंदाचा आकार कधीकधी हाताच्या पंजासारखा असतो. तो खणून, उकळून, वाळवून विकतात. तो सालमपंजा. कंद काढला की झाड संपलं. बी धुळीइतकं बारीक, ते रुजायला जमिनीत ठरावीक बुरशी लागते, फूल यायला वर्षं जातात. लोकांनी खणून खणून कित्येक डोंगर रिकामे केलेत. हे मी दर शनिवारी पर्यटकांना सांगत होते आणि शेवटी, "प्लीज, डोन्ट बाय इट," असं हात जोडून म्हणत होते. आता तोच माझ्या चहाच्या डब्यामागे होता. लाडवात घातला तर पुढच्या शनिवारी कुठल्या तोंडाने बोलू? नाही घातला तर विहीणबाईंचा मान गेला. आणि मान गेला की विहीणबाई गेल्या.

आश्चर्य म्हणजे त्यांनीही त्या पुरचुंडीचा विषय पुन्हा काढला नव्हता. मला वाटलं, वाट बघताहेत, मी कधी वापरते त्याची.

डिंकाचा दुसरा घाणा काढत होते तेव्हा त्या स्वयंपाकघरात आल्या. कढईकडे बघितलं, पराती बघितल्या, आणि डब्यामागे एक नजर टाकली.

"सगळं झालं वाटतं?" त्या म्हणाल्या.

"झालंच. वळायचे संध्याकाळी." मी गॅस बंद केला. "विहीणबाई, आज गाईडची पाळी नाही माझी, दुपारी माझ्याबरोबर बागेत याल का? हिमालयातली ऑर्किडं आहेत तिथे. फुललीत. तुम्हाला दाखवायचीत."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मला? मला कशाला?"

"सालमपंजाचं झाडही आहे त्यात."

"असं," त्या म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. बराच वेळ आतून बॅगेच्या चेनचा आवाज येत होता.

सोफ्यावर पाय पसरून बसलेल्या मुलीने मान वळवली. "आई, जस्ट पुट इट इन, लाह. शी कॅरी सो फार. व्हाय यू मेक ट्रबल?"

"तू गप्प बस आणि दूध पी."

दुपारी आम्ही निघालो. मी सांगितलं होतं की आत थंडी असते, म्हणून विहीणबाईंनी स्वेटर घातला, वर शाल, आणि पर्समध्ये यजमानांची कानटोपी. बाहेर ऊन मी म्हणत होतं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बायका त्यांच्याकडे बघत होत्या. विहीणबाई समोरच्या दारावरची स्टेशनांची नावं वाचत, फौजदारीच्या तारखेला चालल्यासारख्या बसल्या होत्या. मी मनात भाषणाची तयारी करत होते. आधी फूल दाखवायचं. मग झाडाची गोष्ट. मग हळूच, कोणाचं नाव न घेता, मूळ मुद्दा.

काचघराचं दुहेरी दार उघडलं आणि चष्म्यावर धुकं आलं. विहीणबाईंनी लगेच कानटोपी चढवली. आतली माणसं शॉर्ट्समध्ये. लोक सगळे एका भडक लालबुंद फुलाभोवती फोटो काढत होते. मी विहीणबाईंना घेऊन कोपऱ्यात गेले, जिथे थंड जंगलातल्यांचा वाफा होता. मागे देवदारांच्या जंगलाचा मोठा फोटो, पुढे दगड, शेवाळ, पाचोळा.

"हे बघा," मी म्हणाले. "जीवक. च्यवनप्राशात पडतो ना, त्या आठ वनस्पतींतला. हेही ऑर्किडच."

विहीणबाई वाकल्या. "कुठंय?"

"हे काय."

"हे तर पान आहे."

"पानातून दांडी आलीय बघा. दांडीवर फुलं."

त्या आणखी वाकल्या. दांडीवर जिऱ्याच्या दाण्याएवढं हिरवं काहीतरी होतं. मी त्यांना भिंग दिलं. भिंगातून ते जिऱ्याच्या दाण्याएवढं न दिसता बडीशेपेच्या दाण्याएवढं दिसत होतं, फार तर.

"फूल आहे हे?"

"फूल."

"याच्यासाठी आपण दोन गाड्या बदलल्या?"

मला हसू फुटलं. मी दाबलं. गाईडने हसायचं नसतं, शिवाय मुद्दा पुढेच होता. त्यांना शेजारच्या फुलाकडे वळवलं. ते मात्र बघण्यासारखं होतं: गुडघ्याच्या खाली येईल एवढा तुरा, जांभळट गुलाबी, एकेका पाकळीवर शाईचे ठिपके उडाल्यासारखे. खाली पाटी, आणि पाटीवर कंदाचा फोटो. पांढुरका, पाच नाही तरी तीन-चार बोटांचा, लहान मुलाच्या पंजासारखा.

विहीणबाई फुलाकडे बघायच्या आधी फोटोकडे बघत होत्या. मग माझ्याकडे. शाल घट्ट ओढून घेतली.

आता बोलायलाच हवं होतं. तयार केलेल्या भाषणातला एकही शब्द आठवेना.

"विहीणबाई, रागवायचं नाही बरं का," मी म्हणाले. "पण तुमचा तो सालमपंजा मला लाडवात घालवत नाही."

"कळलं म्हणजे तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या.

"कळायचं काय त्यात? मला आधीपासूनच माहीत होतं."

"आधीपासून? केव्हापासून?"

"मागच्या वर्षीपासून. इथंच शिकवलं आम्हाला."

"मागच्या वर्षी?" त्या गोंधळल्या. "अहो, मी तर तो यंदा जूनमध्ये घेतला."

"केव्हा घेतला त्याचं काय? सगळाच सालम तसला."

"सगळाच?" त्यांचे डोळे कानटोपीखाली मोठे झाले. "बाप्पा! म्हणजे सगळेच दुकानदार बटाटे विकतात?"

"बटाटे?"

"बटाटेच ना. लहान लहान, उकडून वाळवलेले. तुम्ही काय म्हणत होता?"

"मी म्हणत होते की हे झाड संपत चाललंय, खणू नये, खाऊ नये..." मी थांबले. "विहीणबाई. त्या पुरचुंडीत बटाटे आहेत?"

"म्हणजे तुम्ही उघडलीच नाही?"

"नाही!"

"महिना झाला माझा जीव टांगणीला, आणि तुम्ही उघडली नाही?"

मग त्यांनी सगळं सांगितलं, एका दमात. आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, मी ऑफिसात असताना, त्यांनी डब्यामागच्या पुरचुंडीतला एक कंद चाखून बघायला पाण्यात भिजवला. खरा सालम भिजला की चिकट होतो, लापशीसारखा घट्ट. हा नुसता फुगला. वास आला तो ओळखीचा. तरी खात्री करायची म्हणून जिऱ्याची फोडणी दिली. बटाटा तो बटाटाच. एकादशी होती, म्हणून मग मीठ-मिरची घालून खाऊन टाकला.

"उपासाला चालला छान," त्या म्हणाल्या. "पण आता तुम्हाला सांगू कसं? तुम्ही पडल्या ऑर्किडवाल्या. टी-शर्टावर सुद्धा ऑर्किड. पुरचुंडी उघडाल आणि मनात म्हणाल, नागपूरच्या विहिणीला बटाटा नि कंद कळत नाही. म्हणून मी विषयच काढला नाही. आज तुम्ही म्हणालात, चला, सालमचं झाड दाखवते. मी म्हटलं, झालं. आता फोटोशेजारी उभं करून पंचनामा करतात. सकाळीच बॅग भरून ठेवली. एक वाकडा शब्द निघाला असता ना, तर तिथून थेट विमानतळ. तुमच्या घरापासून जवळच आहे."

"आणि मी घाबरत होते की नको म्हटलं तर तुम्ही निघून जाल."

"जाणारच होते!"

"कशावरून, तर बटाट्यावरून!"

आधी त्या हसल्या की मी, ते आठवत नाही. विहीणबाईंचं हसणं मी तोवर ऐकलंच नव्हतं. लग्नातसुद्धा नाही. त्या आवाज न करता हसतात, सगळं अंग हलवून, आणि शेवटी एक लांब "हुऽऽ" काढतात. तो "हुऽऽ" काचघरात घुमला आणि लाल फुलाभोवतीची माणसं वळून बघायला लागली. त्यामुळे मला आणखी हसू आलं. मी वाफ्याच्या कठड्याला धरलं. त्यांनी मला धरलं. उंच डोंगरावर हवा विरळ असते आणि डोकं हलकं होतं म्हणतात. ते काचघर समुद्रसपाटीला होतं, हवा यंत्राची होती, पण आमची डोकी गेली ती गेलीच.

पहाऱ्यावरचा गार्ड आला. मला ओळखत होता. "आंटी, यू ओके? नीड वॉटर?"

"नो, नो," मी म्हणाले. "शी इज... पोटॅटो."

याहून चांगलं वाक्य मला त्या क्षणी जमलं नाही. विहीणबाई खालीच बसल्या, दगडावर.

जरा श्वास आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा फुलाकडे नीट बघितलं. भिंग न मागता. कानटोपी मागे सरकवली.

"काहो," त्या म्हणाल्या, "हे मी पाहिलंय."

"कुठे?"

"चारधामला गेलो होतो आम्ही, महिला मंडळ. वर कुठंतरी दरड पडली आणि बस थांबली. पाऊस नुकताच उघडला होता. वर असंच जंगल, उंच उंच झाडं, खाली शेवाळाची गादी. पाय ठेवला की आत जायचा. आणि झाडी संपते ना, तिथं ही फुलं. एक नाही, दहा नाही, सगळा उतार जांभळा. ढग खालून वर येत होते. थंडी अशी, की बोलायला जावं तर दात वाजतात."

मी त्या डोंगरांबद्दल वर्षभर बोलत होते. एकदाही गेले नव्हते. "मग? जवळून बघितलीत?"

"एकदम जवळून."

"किती वेळ थांबलात?"

"जितका लागतो तितका." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "अहो, बस सकाळपासून चालली होती. आम्ही बायका आडोसा शोधायला चढलो होतो वर. याच फुलांत बसलो सगळ्याजणी, ओळीनं!"

आता मात्र आम्हाला बाहेर जावं लागलं. दुहेरी दारातून बाहेर पडताच उन्हाची वाफ अंगावर आली, आणि विहीणबाई स्वेटर, शाल, कानटोपी घालून बागेच्या बाकावर घाम पुसत "हुऽऽ, हुऽऽ" करत राहिल्या. मधेच म्हणायच्या, "ओळीनं, बरं का," आणि पुन्हा सुरू. मग मला आठवलं की दर शनिवारी मी त्याच फुलासमोर उभी राहून किती गंभीर चेहऱ्याने बोलते, आणि मी सुरू. माझ्या पोटात दुखायला लागलं. पन्नाशीच्या जवळ आलेल्या दोन बायका, रडवेल्या झालेल्या, एका स्वेटरच्या बाहीला डोळे पुसताहेत.

परत येताना एमआरटीत बसायला जागा नव्हती. आम्ही दांडा धरून उभ्या राहिलो आणि त्यांनी मला सगळं सांगितलं: दुकानदाराने कसं हिमालयाचं चित्र असलेलं कॅलेंडर दाखवलं, आणि शेजारणीने कसं बजावलं की सुनेच्या माहेरी जाताय, ऐरागैरा जिन्नस नेऊ नका. मी म्हटलं, त्या दुकानदाराचे आभारच मानायला हवेत, निदान एक झाड वाचवलं त्याने.

"वाचवलं कसं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही खऱ्याचेही लाडू केलेच नसते."

"नसतेच. पण तुम्ही खरा आणला असता तर मी तुम्हाला सांगणार कसं? झुरत बसले असते."

"सांगायचं," त्या म्हणाल्या. "तोंडावर. मी काय खाते का कोणाला?"

अळिवाच्या लाडवातला खडा माझ्या अगदी जिभेवर आला होता. मी गिळला.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, "सो? हाऊ?" विहीणबाईंनी सांगायला सुरुवात केली आणि मी मधेमधे भर घातली. ती पोट धरून ओरडली, "स्टॉप, स्टॉप! बेबी विल कम आउट!" तरी आम्ही थांबलो नाही. मग मी पुरचुंडी उघडली. बघितल्यावर लाज वाटावी असे बटाटे होते. त्यांच्यावर साल होती.

संध्याकाळी लाडू वळले. विहीणबाईंचा हात माझ्यापेक्षा जलद, सगळे एका मापाचे. माझे लहानमोठे. त्या एकेक उचलून बाजूला ठेवत म्हणाल्या, "हे तुम्ही ऑफिसात न्या." आधी त्यांनी असं कधी म्हटलं नसतं. उरलेले बटाटे भिजवून त्यांनी जिऱ्याच्या फोडणीवर टाकले, वर दाण्याचं कूट. मुलीने दोनदा घेतले आणि म्हणाली, "धिस वन शिओक." शिओक म्हणजे फक्कड, हे मी विहीणबाईंना समजावलं. माझा नवरा शनिवारचं ऑफिस उरकून आला, जेवला, आणि भाजी कशाची हे विचारून आमच्या हसण्याला वैतागून टीव्हीसमोर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराची आणखी एक किल्ली करून घ्यायला ब्लॉकखालच्या किल्लीवाल्याकडे गेले. त्याचं यंत्र करकरत होतं. किल्ली धरून, नव्या कामवालीसाठी असेल असं समजून तो म्हणाला, "न्यू मेड, आ?"

"नो," मी म्हणाले. "न्यू बॉस."

वर येऊन लावून बघितली. कुलपात जात होती, पण फिरत नव्हती. पुन्हा खाली गेले, त्याने एका दाताची कड घासून दिली, पुन्हा वर आले. या वेळी दार उघडलं. विहीणबाई चहा टाकत होत्या. मी किल्ली त्यांच्या कपाशेजारी ठेवली आणि सांगितलं की खालच्या कुलपात जरा वर उचलून फिरवायची, नाहीतर अडकते.